शाश्वत शेती हवी, पण तिचा खर्च कोणाच्या वहीत?



गावात हल्ली जी जीप येते ती एक नवा शब्द घेऊन येते. कधी सेंद्रिय शेती, कधी नैसर्गिक शेती, कधी झिरो बजेट, कधी हवामानाला अनुकूल शेती. आणि या सगळ्यांच्या वर बसलेला मोठा शब्द म्हणजे शाश्वत शेती. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सतरंजी पडते, फलक बांधला जातो, तास-दीड तास भाषण होते, फोटो निघतो आणि जीप पुढच्या गावाला जाते. रासायनिक खतांनी जमीन मेली, औषधांनी माणसे मेली, तेव्हा शेतकऱ्यांनो, आता तरी शहाणे व्हा, असा त्या भाषणाचा मथितार्थ असतो.

आम्हाला या शब्दांचे वावडे नाही. जमीन टिकली पाहिजे हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला बाहेरून कोणी यावे लागत नाही. सातबाऱ्यावर पाच एकर असतील तर त्यातले हलके दोन कोणते, आणि आजोबांच्या वेळी जिथे काळ्या मातीत पाय रुतायचा तिथे आता मुरूम का उघडा पडला, हे त्याला तोंडपाठ असते. आमची तक्रार वेगळी आहे. जमीन टिकवायला खर्च येतो, आणि त्या खर्चाचे नाव ओट्यावरच्या भाषणात कोणी काढत नाही. शेण फुकट, बायकोची मेहनत फुकट, पोराचे दिवस फुकट, असे धरून जी शेती शाश्वत होते ती कागदावर होते. या मेळाव्याच्या निमित्ताने आम्हाला त्या खर्चाबद्दल बोलायचे आहे, आणि सुरुवात करायची आहे ती ज्वारीपासून. कारण आपल्या शेतातून काय गेले आणि का गेले, हे ज्वारीइतके स्पष्ट दुसरे कोणतेच पीक सांगत नाही.

कापूस बाजाराचा, ज्वारी घराची आणि तूर दोन्हीकडची, अशी आपल्याकडची जुनी वाटणी होती. पाच-सहा एकरांच्या घरात दोन-तीन एकर कापूस, त्यात आठ-दहा ओळींमागे एक ओळ तुरीची. उरलेल्या रानात ज्वारी, तिच्या जोडीला मूग, उडीद, चवळी. धुऱ्यावर अंबाडी आणि मूठभर तीळ. पुढच्या वर्षी कापसाच्या जागी ज्वारी आणि ज्वारीच्या जागी कापूस. ज्वारीने जमीन उतरते असे जुनी माणसे म्हणत, म्हणून तर तिच्या सोबतीला द्विदल पीक असायचेच. मूग-उडीद पोळ्याच्या सुमारास घरात यायचे आणि सणाचा खर्च भागवायचे. दसरा-दिवाळीत पहिली वेचणी, मग ज्वारीचे खळे, आणि थंडी सरताना तूर. वर्षात चार वेळा घरात काहीतरी यायचे. जुलैत पावसाने ताण दिला तर मूग गेला पण तूर तगली. शेवटचा पाऊस जास्त झाला तर ज्वारी काळी पडली पण कडबा तरी मिळाला. विमा कंपनीचा हप्ता न भरता काढलेला तो विमा होता.

तो काळ सोन्याचा होता असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नाही. १९७२ च्या दुष्काळात याच मिश्र पिकांच्या घरांतली माणसे खडी फोडायला गेली, अमेरिकेची लाल मिलो आणि सुकडी खाऊन जगली. उत्पन्न कमी होते, भाव त्याहून कमी होता. संकरित बियाणे आणि खताचे पोते शेतकऱ्याने घेतले ते कोणी फसवले म्हणून नव्हे. चार क्विंटल जास्त पिकले तर कर्ज फिटेल या हिशेबाने घेतले. तो हिशेब पुढे का चुकत गेला हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या अज्ञानात सापडणार नाही.

ज्वारीवर कोणी बंदी घातली नाही. तिलाही हिशेबानेच शेताबाहेर काढले. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. दाणा वाढला, पण ताट बुटके झाले, म्हणजे कडबा घटला. कणीस लवकर येऊ लागले आणि दाणा भरायच्या वेळेला पावसात सापडून काळे पडू लागले. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही, आणि खरेदी केंद्रावर ती निकषात बसत नाही. दुसऱ्या बाजूने रेशनचा गहू-तांदूळ आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असा दर ठरवला. कागदावर सगळ्यात स्वस्त भरड धान्य, पण दुकानात पोती उतरली ती गहू-तांदळाची. जानेवारी २०२३ पासून तर ते धान्य मोफत आहे. गरिबाला धान्य मिळते याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण ज्या घरी पिशवी भरून गहू फुकट येतो त्या घराने पाठ मोडून भाकरीची ज्वारी कशासाठी पिकवायची, हे त्याच २०२३ साली ‘आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष’ साजरे करणाऱ्यांनी आणि ज्वारीला ‘श्रीअन्न’ असे नवे नाव देणाऱ्यांनी सांगितले नाही. नाव चांगले आहे. नावाने पोते विकले जात नाही.

मग पाखरे आणि रानडुकरे. हा मुद्दा शहरातल्या माणसाला हसण्यासारखा वाटतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. गावात चाळीस जणांची ज्वारी असते तेव्हा पाखरे चाळीस जणांचे थोडे थोडे खातात. गोफण घेऊन एक पोर माळ्यावर बसले तरी भागते. तीच ज्वारी गावात एकट्याची उरली की सगळ्या शिवारातली पाखरे त्याच्याच तुकड्यावर उतरतात. त्याच्या हाती धसकटे येतात, आणि पुढच्या वर्षी तोही सोयाबीन पेरतो. म्हणजे ज्वारी जशी कमी होते तशी ती आणखी वेगाने कमी होते. रात्री डुकरांचा आणि रोह्यांचा जागर आहेच. त्यात कापणी, कणसे खुडणे, पेंढ्या बांधणे, खळे करणे ही सगळी माणसांची कामे, आणि माणूस मिळत नाही. सोयाबीन साडेतीन महिन्यांत निघते, मळणीयंत्रात एका दिवसात पोत्यात जाते, आणि ओल असली तर मागे हरभरा घेता येतो. या हिशेबापुढे आजोबांची आठवण किती दिवस टिकणार? रब्बीच्या पट्ट्यात, सोलापूर-बीड-परभणीकडे, मालदांडी अजून पाय रोवून आहे. खरिपाच्या ज्वारीचा तुकडा पाहायचा तर कापसाच्या अनेक गावांत शिवार पालथे घालावे लागते.

आता ज्वारीबरोबर काय गेले ते पाहा. पहिल्यांदा कडबा गेला. कडबा गेला की उन्हाळ्यात जनावर उभे करायचे कशावर हा प्रश्न आला. सोयाबीनचे कुटार जनावर नाइलाजाने खाते. तुरीचे खाते, पण ते किती पुरणार? ढेप विकत आणायची तर दूध विकूनही पैसे निघत नाहीत. म्हणून आधी गाय गेली, मग बैलजोडी. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याआधी म्हातारा बैल बाजारात विकून त्या पैशांत भर घालून नवा घेता यायचा. ती वाट बुजली. चारा नाही आणि खुंट्यावरचे म्हातारे जनावर विकता येत नाही, अशा वेळी लहान शेतकरी नवा बैल घेतच नाही. बैल गेला तशी वखरणी, डवरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर आणि तणनाशकावर गेली, म्हणजे घरचे काम रोखीचे झाले. आणि गोठा रिकामा झाल्यावर उकिरडा कशाचा भरणार? जीपमधला माणूस नेमका याच ठिकाणी येऊन म्हणतो, शेतकऱ्यांनो, शेणखत वापरा.

कापसाचेही तेच झाले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे बीटी आले. सुरुवातीची काही वर्षे हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या वाचल्या, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण आपल्याकडे बीटी आले ते संकरित वाणांतून, म्हणजे दरवर्षी थैली विकत घेणे आले. आज पावणेपाचशे ग्रॅमच्या थैलीला नऊशे रुपयांच्या आसपास पडतात. त्यातले बरेच वाण लांब मुदतीचे. आपल्या हलक्या, मध्यम जमिनीत पाऊस परतला की महिनाभरात ओल संपते, आणि या वाणांची बोंडे भरायला लागतात ती त्याच वेळी. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो ओलीत करतो. कोरडवाहूवाला आभाळाकडे पाहतो.

आणि गुलाबी बोंडअळी. या अळीला कापूस सोडला तर खायला जवळजवळ दुसरे काही नाही. भेंडी-अंबाडीच्या कुळातली थोडी झाडे, एवढेच. कापूस डिसेंबरात संपला आणि शिवार काही महिने कापसावाचून राहिले तर तिची उपासमार होते. पण भाव वाढेल या आशेने, दोन क्विंटल आणखी निघतील म्हणून, पाणी असलेला शेतकरी फरदड ठेवतो. पऱ्हाटीची गंजी चुलीसाठी धुऱ्यावर जूनपर्यंत पडून असते, आणि तिच्यातल्या किडक्या बोंडांत अळी आरामात झोपते. २०१७ साली विदर्भात तिने जो धुमाकूळ घातला तो आपण पाहिला. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कापूस डोक्याएवढा वाढलेला, अंगावर फाटका सदरा, आणि कृषी केंद्रवाल्याने दिलेली दोन-तीन औषधे एकाच पंपात. त्यानंतर हातमोजे वाटले गेले. जी माणसे गेली त्यांच्या घरी कर्ज राहिले, आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव लावायला तलाठ्याकडे खेटे राहिले.

शेणखताचा हिशेब एकदा उघड मांडू या. चांगल्या कुजलेल्या शेणखतात शंभर किलोमागे साधारण अर्धा किलो नत्र असते. बैलगाडीत पाच क्विंटल खत बसते असे धरले तर एका गाडीतून अडीच किलो नत्र रानात गेले. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत साडेवीस किलोंहून थोडे जास्त नत्र असते. म्हणजे आठ गाड्या खताने जेवढे नत्र मिळते तेवढे एका गोणीत मिळते. शेणखतात नुसते नत्र नसते. स्फुरद, पालाश, सूक्ष्म द्रव्ये असतात, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याने माती भुसभुशीत होते, पावसाने ताण दिला तरी आठ दिवस जास्त ओल धरते. कोरडवाहूत त्या आठ दिवसांवर सगळे पीक अवलंबून असते, आणि युरियाची गोणी ते आठ दिवस देऊ शकत नाही.

पण पैशाच्या बाजूने पाहा. युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याच्या कितीतरी पट आहे आणि वरची रक्कम सरकार कारखान्याला देते. त्याच आठ गाड्या खत उकिरड्यातून खणायचे, भरायचे, वाहायचे, पसरवायचे, तर दोन-तीन माणसांचे दोन दिवस मोडतात. मजुरी धरली तर खत युरियाच्या कितीतरी पट महाग पडते. जनावराचा वर्षभराचा चारा तर आपण अजून धरलाच नाही. कारखान्यातून पोत्यात भरून जे येते त्याला सरकारी मदत, आणि गोठ्यातून जे निघते त्याला भाषण. कारखान्याला मिळते ती मदत बंद करा असे आम्ही म्हणत नाही; ती उद्या बंद झाली तर पहिल्यांदा आपलेच कंबरडे मोडेल. शेतात माती तयार करणाऱ्या कामालाही त्याच मापाने मोजा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या ‘झिरो’ शब्दाबद्दल जरा बोलले पाहिजे. विदर्भातल्याच सुभाष पाळेकरांनी तो देशभर नेला, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात अर्थमंत्र्यांनी ‘झिरो बजेट’चे नाव घेतले. यवतमाळ जिल्ह्यातल्या सुभाष शर्मांनी बिनरसायनी शेती वर्षानुवर्षे करून दाखवली आणि २०२५ साली तेही पद्मश्री झाले. या माणसांनी स्वतःच्या रानात राबून जे मिळवले त्याचा आम्हाला आदर आहे, आणि दुकानातली उधारी कमी करायला त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पण खर्च शून्य म्हणताना शून्य कोणाचे, ते विचारायला हवे. तणनाशक बंद केले की निंदण वाढते. निंदण कोण करते? जीवामृताच्या टाकीत पाणी कोण आणून ओतते? मिश्र पिकात तूर वेगळी, मूग वेगळा, चवळी वेगळी तोडायची, वाळवायची, पाखडायची, ती कोण? पहाटे चारला उठून भाकऱ्या थापून जी रानात जाते तिच्या दिवसाला हिशेबात किंमत नाही, म्हणून बेरीज शून्य येते. दुसऱ्याच्या रानात ती निंदायला गेली तर संध्याकाळी मजुरी घेऊन येते. स्वतःच्या रानात तिचा दिवस फुकट. अशा हिशेबावर उभी असलेली शेती जमिनीला टिकवील, पण त्या बाईला टिकवील का?

वरून हुकूम निघाला की काय होते त्याचाही दाखला आहे. श्रीलंकेत २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. देश सेंद्रिय करायचा होता. शेणखताचा साठा नाही, शेतकऱ्याला तयारीला एक हंगामही नाही. भाताचे पीक कोसळले, शेतकरी रस्त्यावर आले आणि नोव्हेंबरात हुकूम मागे घ्यावा लागला. आपल्याकडे तसे कोणी केलेले नाही. पण गावाला उद्दिष्ट देऊन अमुक हेक्टर सेंद्रिय झाले पाहिजे म्हणणारा अधिकारी त्याच जातकुळीचा असतो.

मग आपण काय करायचे? ज्याला रोख पैसा लागत नाही किंवा फार थोडा लागतो, तेवढे तरी कोणाची वाट न पाहता करायला हरकत नाही. उताराला आडवी पेरणी आणि आडवी डवरणी. डवऱ्याच्या जानकुळाला दोरी गुंडाळून शेवटच्या डवरणीला ओळींमध्ये सरी पाडली की पडलेला पाऊस रानातच मुरतो. हे आपल्याला माहीत आहे, पण भाड्याचा ट्रॅक्टर वळायला सोयीचे म्हणून उताराच्या दिशेने चालतो आणि आपण काही बोलत नाही. धुऱ्यावर गिरिपुष्प लावला तर तीन वर्षांनी पाला रानात टाकता येतो. धनगराच्या मेंढ्या उन्हाळ्यात रानात बसवण्याची चाल काही गावांत अजून आहे, ती मोडू देऊ नका. फरदड ठेवायची नाही असे गावाने मिळून ठरवावे. एकट्याने काढून उपयोग नाही, कारण पतंग धुरा ओळखत नाही. पऱ्हाटी मात्र शेतात जाळू नका, तुकडे करून कुजवा. चुलीला लागेल तेवढी ठेवा, पण तिच्यातली किडकी बोंडे झोडून टाकून मग ठेवा.

ज्वारीचेही गावाने मिळूनच करायचे. ज्यांना घरापुरती अर्धा-एक एकर ज्वारी घ्यायची आहे त्या दहा-पंधरा जणांनी शिवाराच्या एकाच बाजूला, लागून लागून, एकाच आठवड्यात पेरावी. पाखरे वाटली जातात, राखण वाटली जाते, डुकरांसाठी दोन माणसे आळीपाळीने जागली तरी भागते, आणि मळणीयंत्रवाला पंधरा एकरांसाठी येतो, अर्ध्या एकरासाठी येत नाही. कडब्याची पेंढी आज ज्या भावाने जाते तो पाहिला तर नुसता दाणा पाहून ज्वारीचा हिशेब करणे चूक आहे, हेही लक्षात येईल.

बियाण्याचे थोडे अवघड आहे. सरळ वाणाच्या कापसाचे बी घरी राखता येते, जवळ जवळ पेरता येते, आणि कमी मुदतीचा वाण असला तर पाऊस परतण्याच्या आत त्याची बरीचशी बोंडे पक्की होतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा रजत, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सुरज हे असे वाण. देशी कापसात अकोल्याचा एकेए-७, परभणीचा पीए-२५५. तुडतुडे, पांढरी माशी यांना आणि पावसाच्या ताणाला हे देशी वाण बरेच दाद देत नाहीत. मात्र जे बीटी नाहीत त्यांना बोंडअळीसाठी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, आणि आखूड धाग्याच्या देशी कापसाला जिनिंगवाला भाव पाडून मागतो. म्हणून सगळे रान एकदम पालटा असे सांगण्याचा बेजबाबदारपणा आम्ही करणार नाही. एक एकर करून पाहा. पण त्या एका एकरासाठीही मे महिन्यात बियाणे कुठे मिळते? संशोधन सरकारी पैशातून झाले, वाण प्रसिद्ध झाला, आणि तालुक्याच्या दुकानात थैली मात्र नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शरद जोशींनी सीताशेती आणि माजघर शेती मांडली, ती जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. जमिनीचा एक तुकडा घरच्या लक्ष्मीच्या ताब्यात, बाहेरचे काही विकत न आणता, घराच्या पोटासाठी. आणि जे पिकेल त्यावर घरच्या घरी प्रक्रिया. आज जे शाश्वत म्हणून सांगितले जाते त्यातले पुष्कळ त्यात होते. फरक असा की त्यात बाईच्या मेहनतीला तिच्या ताब्यातली जमीन मिळायची होती.

एवढे आपण करू. पण भावाचा प्रश्न सुटल्यावाचून यातले काही फार दिवस टिकणार नाही. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये क्विंटल जाहीर झाला. जाहीर झालेला भाव खळ्यावर मिळायचा तर खरेदी केंद्र माल निघण्याच्या आधी उघडावे लागते, मागून नव्हे. तुरीचे तर विचारूच नका. कापसात, ज्वारीत तूर घ्या, जमिनीला नत्र मिळते, असे कृषी खाते सांगते. आणि मे २०२१ मध्ये तुरीची आयात मोकळी केली तिची मुदत दरवर्षी वाढवली जाते. २०२५ साली आपली तूर बाजारात हमीभावाच्या खाली गेली. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ रोजी काढले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. हा नेमका आपल्या वेचणीचा आणि विक्रीचा काळ. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव सांगायचा आणि त्याच हंगामात बाहेरच्या कापसाला दार उघडायचे. मिश्र पीक घेणाऱ्याचे तिन्ही माल असे एकेक करून पाडले तर तो पुढच्या वर्षी काय पेरील? ज्यात निदान कामाचे दिवस कमी लागतात ते पेरील.

म्हणून मेळाव्यात ठराव येईल त्यात आम्ही तीन गोष्टी घालणार आहोत. ज्वारीची आणि तुरीची खरेदी माल निघण्याच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी सुरू झाली पाहिजे, आणि पावसाने काळ्या पडलेल्या ज्वारीलाही ठरलेल्या कपातीने घेतले पाहिजे. सरळ वाणांचे बियाणे विद्यापीठांनी मे महिन्यात तालुक्यात पोचवले पाहिजे. आणि लहान शेतकऱ्याने स्वतःच्या रानात केलेली बांधबंदिस्ती, खताचे खड्डे, धुऱ्यावरची लागवड यांची मजुरी रोजगार हमीतून घरातल्या बाईच्या खात्यावर जमा झाली पाहिजे. रोजगाराच्या हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली देशात पहिल्यांदा केला. योजनांची नावे बदलतात, मोजमाप-पुस्तिका तीच राहते; तिच्यात एक रकाना वाढवायला कोणाची हरकत नसावी.

मेळाव्याला येताना एक काम करून या. आपल्या रानातल्या कोणत्याही एका एकराचा या वर्षीचा हिशेब वहीच्या पानावर लिहून आणा. थैली, खत, औषध, ट्रॅक्टर, मजुरी, व्याज, आणि घरच्या माणसांचे दिवस. जे निघाले त्यात कडबा आणि कुटारही लिहा, घरी खाल्ले तेही लिहा. मजुरीचा दर आपल्या गावात जो चालतो तोच घरच्यांनाही लावा. निंदणाचे आणि वेचणीचे दिवस स्वतःच्या अंदाजाने लिहू नका. घरातल्या बाईला विचारून लिहा, आणि जमले तर तिलाच मेळाव्यात पान वाचायला घेऊन या. अशी शंभर पाने जमली की ती ठरावाला जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊ.